बंगई टांगायला जागा नव्हती: स्पर्धेची एकांकिका बसवणाऱ्यांसाठी

माझ्या पहिल्या स्पर्धेच्या एकांकिकेत एक बंगई, म्हणजे झोपाळा, होती. खरी, सागवानी, पितळी कड्यांची, आजोळच्या ओसरीवरून काढून आणलेली. म्हातारी बंगईवर झोके घेत बोलत असते, बोलता बोलता झोका थांबतो, आणि म्हातारी गेलेली असते, असा शेवट. तालमीच्या खोलीत छताला हूक होते, त्यामुळे रोज सगळ्यांचे डोळे भरून यायचे. स्पर्धेच्या ठिकाणी पोहोचलो तर टांगायला जागाच नाही. वर बार होते, पण ते दिव्यांचे. त्यांना माणसाचं वजन लावू देणार नाही, असं तिथल्या तंत्रज्ञाने सांगितलं, आणि त्याचं बरोबरच होतं. सेट लावायला मिळालेल्या दहा मिनिटांतली सहा त्याची मनधरणी करण्यात गेली. शेवटी आमची म्हातारी लाकडी बाकावर बसून स्वतःच पुढेमागे डोलली, आणि प्रेक्षकांना वाटलं तिला चक्कर येतेय.

त्यानंतर मी एकांकिका उलट्या बाजूने बसवायला लागलो. परक्या रंगमंचावर मिळणारी ती दहा मिनिटं आधी डोळ्यांसमोर आणायची, त्यात काय उभं राहू शकतं ते ठरवायचं, आणि मग नाटकाकडे यायचं. खाली जे लिहितोय ते याच क्रमाने आहे. कलात्मक वाटणार नाही कदाचित, पण जळगाव, धुळे, नंदुरबारकडून पेट्या घेऊन निघणाऱ्या मुलांना याचाच उपयोग होतो असा माझा अनुभव आहे.

‘फ्रिंज’ हा शब्द आता आपल्याकडची मुलंही वापरतात, म्हणून एवढंच सांगतो. १९४७ साली एडिंबरात मोठा महोत्सव भरला, तेव्हा आठ नाटकमंडळ्या निमंत्रण नसताना तिथे गेल्या आणि मिळतील त्या जागांत त्यांनी प्रयोग केले. फ्रिंजची सुरुवात ती. आपल्याकडे १९७०च्या दशकात दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात जी प्रायोगिक नाटकं झाली, त्यांच्याकडेही फिरता रंगमंच वगैरे काही नव्हतं. आणि वहीगायन या आपल्या खानदेशी लोककलेच्या मंडळाला तर डफ, आवाज आणि समोर बसलेलं गाव एवढंच लागतं. तिन्ही ठिकाणी जागा दुसऱ्याची, सामान थोडं. दिग्दर्शकाला यातून मार्ग काढायचा असतो.

आधी नियमपत्रक

संहिता शोधण्याआधी नियमपत्रक वाचा. मोठ्याने, सगळ्या टीमला बसवून. युवक महोत्सवांचे नियम बहुतेक करून भारतीय विश्वविद्यालय संघाच्या नियमावलीवरून येतात. एकांकिकेला ३० मिनिटं, सेट लावायला-काढायला १० मिनिटांपर्यंत, रंगमंचावर जास्तीत जास्त ९ कलाकार आणि मागे ३ साथीदार. ‘रिकामा रंगमंच ते रिकामा रंगमंच’ असा शब्दप्रयोग असतो. म्हणजे जसा मिळाला तसा परत करायचा. तुम्ही प्रस्तावना सुरू केली तरी वेळ मोजायला सुरुवात होते, पडदा उघडण्याची वाट कोणी पाहत नाही. तिथेच प्रहसनाला १० आणि मूकनाट्याला ५ मिनिटं असतात. खुल्या स्पर्धांत ३५, ४५, ६० मिनिटं अशा वेगवेगळ्या मर्यादा दिसतात. राज्य नाट्य स्पर्धेचं गणित वेगळं, तिथे पूर्ण लांबीचं नाटक लागतं. मागच्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नका, त्या त्या वर्षीचा कागद समोर ठेवा.

कागदपत्रांचं लगेच उरकून टाका. लेखकाचं लेखी परवानगीपत्र, आणि जिथे मागितलं असेल तिथे रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, ज्याला आपण सरसकट ‘सेन्सॉर’ म्हणतो. नवी संहिता असेल तर यात दिवस जातात. तालमी रंगात आल्यावर कोणालाच कागद आठवत नाही, म्हणून हे काम पहिल्याच आठवड्यात एका माणसाच्या नावावर लिहून टाका. लेखक ओळखीचा आहे, चहाच्या टपरीवर ‘कर रे’ म्हणाला आहे, हे परवानगीपत्र होत नाही.

संहिता आणि घड्याळ

संहिता निवडताना मी तीन गोष्टी बघतो. किती माणसं लागतात. किती ठिकाणं लागतात. आणि एखादी वस्तू नसेल तर नाटक पडतं का. तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ आलं की मला बंगई आठवते.

मग वाचन, हातात घड्याळ घेऊन. बसून वाचताना लागणारा वेळ आणि प्रयोगाला लागणारा वेळ यांत फरक पडतो. हालचाली येतात, अंधार येतो, माणसं हसतात, मोठ्या रंगमंचावर एका विंगेतून दुसरीकडे जायलाच चार पावलं जास्त पडतात. माझ्या अनुभवात वाचनापेक्षा पाचवा हिस्सा वेळ वाढतो. ३० मिनिटांची मर्यादा असेल तर बसून वाचन २२ मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. प्रयोग २६ ते २७ मिनिटांवर येईल, आणि उरलेली तीनेक मिनिटं म्हणजे तुमची झोप.

कापायचं कसं? लेखकाला विचारून, हे पहिलं. नंतर बघा, पहिल्या पाच मिनिटांत पात्रं एकमेकांना जे सांगतात ते दोघांनाही आधीच माहीत आहे का. ‘तुला माहीतच आहे, मागच्या वर्षी बाबा गेल्यापासून...’ अशा ओळी प्रेक्षकांसाठी असतात आणि त्या निम्म्या गेल्या तरी काही बिघडत नाही. शेवटाकडची भाषणं दुसरी. नाटक संपल्यावर एखादं पात्र पुढे येऊन अर्थ सांगत असेल तर तो उतारा झाकून एकदा तालीम करा. दहापैकी आठ वेळा तो परत येत नाही.

अहिराणी आली की

हा भाग आपल्याकडचा, म्हणून जरा सविस्तर.

आपली पोरं अहिराणी बोलतात, पण रंगमंचावर गेली की अहिराणीची नक्कल करतात. ‘शे’ (आहे) ओढून ओढून म्हणतात, ‘काय व्हयनं?’ला (काय झालं?) हेल देतात, कारण त्यावर हशा येतो हे त्यांनी मोबाइलवर पाहिलेलं असतं. पहिला हशा येतोही. पण त्याच पात्राला पुढे बापाच्या मरणाबद्दल बोलायचं असतं, आणि तेव्हा प्रेक्षक हसायच्याच तयारीत असतात. यावर माझा उपाय साधा आहे. पहिले चार दिवस त्या कलाकाराने संवाद घरी आईला वाचून दाखवायचे. आई जिथे ‘असं कोन बोलस?’ म्हणेल तिथे खूण करायची. आईपेक्षा कडक परीक्षक मला अजून भेटलेला नाही.

दुसरं, अहिराणी म्हणजे एकच नाही. साक्री-शिरपूरकडची, अमळनेर-पारोळ्याकडची, यांच्यात चाल बदलते, काही शब्द बदलतात. यावल-रावेर पट्ट्यातली लेवा गणबोली तर वेगळीच. एका घरातली तीन पात्रं तीन तालुक्यांची बोली बोलताना मी स्पर्धेत पाहिली आहेत. टीम ज्या गावची जास्त, तिथली बोली धरा, आणि त्या गावच्या एका माणसाकडून सगळी संहिता एकदा तपासून घ्या. नंदुरबारकडे पावरी, भिली, मावची या भाषांतली पात्रं लिहायची असतील तर ती भाषा घरी बोलणारा माणूस टीममध्ये हवा. तो नसेल तर ते पात्र मराठीत बोललेलं बरं. ऐकीव चार शब्द पेरून केलेला आदिवासी हा रंगमंचावरचा सगळ्यात वाईट दागिना.

तिसरा प्रश्न नेहमी येतो. परीक्षक पुण्या-मुंबईचे असले तर त्यांना कळेल का? कळतं, पण पहिली तीन मिनिटं तुम्ही सांभाळली तर. त्या वेळात प्रत्येक महत्त्वाच्या ओळीला हाताचं काम जोडा. ‘तू कथा जाई ऱ्हायना?’ (तू कुठे चाललास?) हे वाक्य समोरच्याने पिशवी उचलून चपला घालायला घेतल्यावर आलं, तर ते कोणालाही कळतं. तेच वाक्य दोघं खुर्चीत बसून बोलले तर कळत नाही. शहरातून आलेला नातेवाईक आणून त्याच्याकडून सगळं मराठीत पुन्हा विचारून घेणं ही युक्ती सगळे वापरतात. शक्यतो टाळा, तो माणूस नाटकात नुसता दुभाष्या होऊन बसतो. आणि पहिल्या तीन मिनिटांत वेग थोडा कमी ठेवा. एकदा प्रेक्षकांच्या कानाला चाल लागली की मग तुम्ही कितीही पळा.

माणसं

सगळ्यात चांगला नट आणि विसाव्या दिवशीही वेळेवर येणारा नट यांत निवडायची वेळ आली तर मी दुसरा घेतो. आपल्याकडची अर्धी मुलं चोपडा, धरणगाव, एरंडोलहून येऊन-जाऊन शिकतात. शेवटची एसटी गेली की मुक्कामाची सोय तुमच्या गळ्यात. तालमीचा कागद बनवताना प्रत्येकाच्या नावापुढे त्याची शेवटची गाडी लिहा आणि लांबच्यांचे प्रवेश आधी घ्या. दसरा-दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणी जोरात असते, शेतकऱ्यांची पोरं दोन-तीन दिवस गायब होतात. त्यांच्यावर चिडू नका, वेळापत्रकात ती जागा आधीच मोकळी ठेवा.

प्रत्येक भूमिका आणखी एकाला पाठ हवी. निदान मुख्य तीन तरी. बॅकस्टेजच्या मुलांना हे काम द्या. तालमीला ती रोज असतात, आणि पाठांतर बहुतेक वेळा त्यांचंच आधी होतं.

जमिनीवरचा रंगमंच

आयोजकांना फोन करून पाच गोष्टी विचारा. रंगमंचाची रुंदी, खोली, दोन्ही बाजूंना किती विंगा, मागे पडदा की भिंत, आणि दिव्यांची यादी. कोणी नीट सांगतं, कोणी ‘मोठा आहे स्टेज, या तुम्ही’ म्हणतं. दुसऱ्या प्रकारचं उत्तर आलं की कोणाला तरी मोजपट्टी घेऊन पाठवा, किंवा मागच्या वर्षी तिथे गेलेल्या टीमकडे फोटो मागा.

उत्तर काहीही येवो, मी तालमीच्या जागेत फक्कीने दोन चौकोन आखतो. बाहेरचा मिळणाऱ्या रंगमंचाएवढा, आतला २० बाय १४ फुटांचा. सगळं नाटक आतल्या चौकोनात बसवायचं. रंगमंच मोठा निघाला तर मधोमध राहून दिव्यांनी कडा अंधारात टाकता येतात. लहान निघाला आणि तुम्ही मोठ्यावर बसवलेलं असेल, तर प्रयोगाच्या दोन मिनिटं आधी नटांना नव्या जागा सांगत फिरावं लागतं. वर्ग, मंगल कार्यालय, देवळाचा सभामंडप, कुठेही तालीम करा, पण हे दोन चौकोन रोज आखा. पोरं कंटाळतात. आखा.

हालचाली बसवायला घाई करू नका. पहिले पाच-सहा दिवस गोल बसून वाचन, आणि प्रत्येक पात्राला या प्रवेशात समोरच्याकडून काय हवंय एवढा एकच प्रश्न. ‘राग आलाय’ हे उत्तर चालत नाही. ‘त्याने सातबारा काढून टेबलावर ठेवावा’ हे चालतं. काय हवंय ते ठरलं की माणूस आपोआप उठतो, जवळ जातो, पाठ फिरवतो. मग तुम्ही फक्त बघायचं की चेहरा प्रेक्षकांना दिसतोय ना, तिघं एका ओळीत पंक्तीला बसल्यासारखे उभे नाहीत ना, आणि महत्त्वाच्या ओळीला मागे कोणी पदर सावरत नाहीये ना. हालचाली संहितेच्या समासात पेन्सिलने लिहा. पेनने लिहिणारा दिग्दर्शक दहाव्या दिवशी नटांशी भांडतो.

उघड्यावरचा रंगमंच असेल तर आणखी एक काळजी. जळगावच्या बालगंधर्व खुल्या नाट्यगृहासारख्या जागी वर आकाश असतं, आवाज परत येत नाही. बालगंधर्वांचं, म्हणजे नारायणराव राजहंसांचं, लहानपणीचं गाण्याचं शिक्षण याच गावात झालं, तेव्हा जागेचा मान मोठा आहे. पण हिवाळ्याच्या रात्री तिथे ओळीचा शेवटचा शब्द वाऱ्यावर जातो. मराठीत क्रियापद शेवटी, म्हणजे अर्थ शेवटी. ‘मी त्याला पैसे दिले’ आणि ‘मी त्याला पैसे दिले नाहीत’ यातला फरक शेवटच्या रांगेला ऐकू आला पाहिजे. म्हणून तीन-चार तालमी मैदानावर घ्या, एका मुलाला चाळीस पावलं लांब उभं करा, आणि वाक्याचा शेवट ऐकू आला नाही की त्याने हात वर करायचा.

कॅरेटांचं नेपथ्य

आमच्या टीमचं गेल्या काही वर्षांतलं सगळं नेपथ्य भाजी-फळांच्या प्लास्टिक कॅरेटांतून उभं राहिलंय. आपल्या भागात कॅरेट कुठेही मिळतात, कोणाच्या तरी काकांच्या शेतावर रचून ठेवलेली असतात. उलटी करून सहा जोडली आणि वर प्लायची फळी टाकली की खाट. चार एकावर एक रचली की भिंत किंवा दुकानाचा गल्ला. दोनावर बसलं की एसटीचं सीट. आणि प्रवासात त्यांच्यातच कपडे, भांडी, वायरी भरून न्यायच्या. चढणार असाल तर त्यावर आधी दोघांनी उड्या मारून बघा, तडे गेलेली बाजूला काढा, आणि रचलेली दोरीने बांधा. लोखंडी लेव्हल (उंची देणारे ओटे) मिळतील का, असं आयोजकांना विचारत बसण्यापेक्षा हे सोपं.

ज्यांना कॅरेट आवडत नाहीत त्यांनी दुसरं काही घ्या, पण नियम एकच. सगळं सामान एसटीच्या डिकीत किंवा सुरत-भुसावळ पॅसेंजरच्या डब्यात चढवता आलं पाहिजे, आणि कोणतीही एक वस्तू दोघांपेक्षा जास्त माणसांनी उचलायची नाही. फ्लॅट (चौकटीवर ताणलेल्या कापडाच्या भिंती) रंगवून टेम्पोने नेण्यात निम्मा खर्च जातो, आणि रस्त्यात एक तरी फाटतोच.

सेटची तालीम

नटांची तालीम सगळे करतात, सेटची कोणीच करत नाही.

तालमीच्या शेवटच्या आठवड्यात रोज एकदा, नाटकाआधी, ही तालीम घ्या. बाहेर पॅसेजमध्ये सगळं सामान बांधलेलं. प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी, तिच्यावर तीनच गोष्टी: वस्तू कोणती, कोणत्या बाजूने न्यायची, कुठे ठेवायची. शिट्टी वाजली की घड्याळ सुरू. क्रम मागून पुढे: मागच्या पडद्याजवळची जड वस्तू आधी, पुढच्या लहान वस्तू शेवटी, म्हणजे कोणी कोणाच्या पायात येत नाही. जागांच्या खुणा रेडियमच्या पट्टीने करायच्या, त्या अंधारात नटांनाही उपयोगी पडतात. त्याच वेळी दोघं सामानाला हात न लावता दिव्यांकडे जातात, एक जण आवाजाकडे. एकानेच दर दोन मिनिटांनी वेळ पुकारायची. बाकी सगळे गप्प. बोलायचा अधिकार फक्त रंगमंच व्यवस्थापकाला, दिग्दर्शकालाही नाही. मला हे जमायला फार वर्षं लागली.

आमचा पहिला प्रयत्न सतरा मिनिटांचा होतो, दरवर्षी. पाच-सहा दिवसांत सहावर येतो. दहापैकी सहा मिनिटांत सेट उभा राहिला की उरलेल्या चारांत नट रंगमंचावर येऊन आपल्या जागा पायांनी मोजतात, दोन ओळी बोलून आवाज बघतात, पाणी पितात. सेट काढण्याचीही अशीच तालीम, उलट्या क्रमाने. तिथे नट दमलेले असतात, कोणी रडत असतं, कोणी फोटो काढत असतं, आणि घड्याळ चालूच असतं.

दिवे, आणि थोडं संगीत

प्रकाशयोजना लिहिताना तुमच्याकडे काय असायला हवं ते विसरा, तिथे काय असेल ते धरा. समोरून दोन बाजूंनी तिरके, साधारण ४५ अंशांतून पडणारे दिवे असले की चेहऱ्याला नाक-डोळे येतात. सरळ समोरून एकच टाकला की चेहरा पापडासारखा सपाट. मागून थोडा उजेड दिला की माणूस पडद्यापासून सुटतो. एवढं मिळालं तर एकांकिका निघते. हल्ली सगळीकडे रंगीत एलईडी पार दिवे असतात, आणि पोरांना निळा-जांभळा फार आवडतो. तो पडद्यावर टाका. चेहऱ्यासाठी पिवळसर पांढरा मागून घ्या, नाहीतर सावळ्या चेहऱ्यांवरचे भाव निळ्यात बुडतात.

क्यू, म्हणजे दिवे बदलायच्या जागा, पंधराच्या वर नेऊ नका. दिवे चालवणारा माणूस तिथलाच असेल, त्याने तुमचं नाटक पाहिलेलं नसेल. त्याला संहिता देऊ नका, एक पान द्या: क्यूचा नंबर, कोणत्या ओळीवर, काय करायचं, किती सेकंदांत. आणि नाटक पाठ असलेला तुमचा एक माणूस शेजारी बसवा, तो फक्त ‘तयार... सात... दे’ एवढंच म्हणेल.

गणेशोत्सवात किंवा गावच्या जत्रेत प्रयोग असेल तर विजेचं साधं गणित मांडा. १००० वॅटचा हॅलोजन २३० व्होल्टवर सव्वाचार अँपिअरच्या आसपास घेतो. म्हणजे १५ अँपिअरच्या एका पॉइंटवर तीन, चौथा लावायचा नाही. घरगुती लहान सॉकेटवर फार तर एक. मंडळाच्या रोषणाईच्याच वायरीवर तुमचे दिवे जोडले तर ऐन प्रसंगात सगळा चौक अंधारात जाईल, आणि गाव ते पुढची दहा वर्षं विसरणार नाही. जोडणी गावच्या वायरमनभाऊंकडूनच करून घ्या. पावसाळ्यात दिव्यांभोवती किडे येतात. पहिल्या प्रवेशाआधी अर्धा तास बाहेर, लांबवर एक मोठा दिवा लावून ठेवला की बरेचसे तिकडे जातात.

संगीताचं थोडक्यात. फायलींना ०१, ०२ असे नंबर द्या, प्रत्येक क्यूची वेगळी फाइल. पेन ड्राइव्हवर एक प्रत, फोनवर दुसरी. फोन फ्लाइट मोडवर टाका. करुण प्रसंगात रिंगटोन वाजलेली मी ऐकली आहे, आणि फोन माझाच होता.

कात्रीची जागा

हे मात्र नीट करा, कारण वेळ ओलांडली की बाकी सगळं वाया जातं. नाटकाच्या दुसऱ्या अर्ध्यात एक दीड मिनिटाचा तुकडा असा शोधा की तो काढला तरी गोष्ट तुटत नाही. आधीची शेवटची ओळ आणि नंतरची पहिली ओळ एकमेकांना जोडली जातील असं लेखकाकडून लिहून घ्या. मग नाटकात तीन जागी वेळेच्या खुणा ठरवा: अमुक ओळ येईपर्यंत दहा मिनिटं, अमुकपर्यंत अठरा, अमुकपर्यंत बावीस. विंगेतला माणूस घड्याळ बघत असतो. अठराव्या मिनिटाच्या खुणेला दीड मिनिट उशीर झालेला असेल तर तो विंगेत लाल रुमाल अडकवतो. ज्या नटाला तो दिसेल अशी जागा आधीच ठरलेली, आणि तो नट थेट पुढची ओळ घेतो.

याची तालीम दोन्ही प्रकारे व्हायला हवी, रुमालासह आणि रुमालाविना, कधी ते न सांगता. शेवटच्या आठवड्यात आणखी एक तालीम ठेवा: हालचाली नाहीत, भाव नाहीत, सगळे संवाद शक्य तितक्या वेगाने. कोण कुठे अडखळतो ते दहा मिनिटांत कळतं. आणि रंगीत तालीम अनोळखी लोकांसमोर घ्या. आम्ही शेजारच्या खेड्यातल्या शाळेत नेतो. मित्र कौतुक करतात, चौथीतली मुलं कंटाळली की उठून जातात. ती नेमकी कुठे उठली ते लिहून ठेवा.

तालमीनंतर प्रत्येकाला तीनच सूचना, जास्त नकोत. प्रयोगाच्या आदल्या दिवशी एकही नवी नको.

स्पर्धेचा दिवस

लॉट्समध्ये, म्हणजे चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवताना, पहिला नंबर आला म्हणून तोंड पाडू नका. पहिल्याला निदान रंगमंच कोरा आणि तंत्रज्ञ ताजे मिळतात. सकाळी आधी रंगमंच पाहायला टीमला घेऊन जा, सगळ्यांनी एकदा पायाखालची फळी अनुभवली पाहिजे. कुठे पोकळ वाजते, कुठे खिळा वर आलाय. विंगा मोजा. कोणत्या बाजूने मागून पलीकडे जाता येतं ते बघा, काही ठिकाणी जाताच येत नाही, आणि मग डावीकडून गेलेला नट उजवीकडून येऊ शकत नाही. हे बघायचं राहून गेल्यामुळे आमचा फौजदार एकदा प्रेक्षागृहाच्या दारातून धावत आला होता. टाळ्या मिळाल्या. परीक्षकांनी ‘धाडसी मांडणी’ म्हटलं. मी मान डोलावली.

जेवण प्रयोगाच्या तीन तास आधी, आणि शेवभाजी प्रयोगानंतर. मुलं ऐकत नाहीत, पण रश्श्याने घसा धरतो. उन्हाळ्यातली स्पर्धा असेल तर ताक-पाणी सतत, रंगभूषा शक्य तितकी उशिरा.

तिसरी घंटा झाली की दिग्दर्शकाने विंगेत थांबू नये. तुमचा चेहरा बघून नट घाबरतात. शेवटच्या रांगेत जाऊन बसा, वही उघडा, आणि नाटकाकडे कमी, प्रेक्षकांकडे जास्त बघा. कुठे खोकले सुरू झाले, कुठे मोबाइलचा उजेड दिसला, कुठे कोणी पुढे झुकलं. पुढच्या प्रयोगासाठी तुम्हाला यातलंच काही उपयोगी पडणार आहे.

निकालाआधी परीक्षक बोलायला मिळाले तर ‘आवडलं का?’ विचारू नका. ‘कुठे कळलं नाही?’ एवढंच विचारा आणि ते उत्तर देत असताना मध्ये बोलू नका.

मग सामान. आमच्या पेटीच्या झाकणाला आतून एक यादी चिकटवलेली आहे. मागच्या वेळी तेवीस वस्तू होत्या. रात्री साडेअकराला बसस्थानकावर, बक्षीस मिळालेलं असो वा नसो, एक जण यादी वाचतो आणि बाकीचे वस्तू वर करून दाखवतात. त्या रात्री एक कॅरेट कमी भरलं. आमच्या फौजदाराला ते सापडलं, त्यावर बसून कंडक्टर चहा पीत होते.